लॅन्सडाऊन : एका पलटणीचे गाव

कोटद्वारला रेल्वेचे रूळ संपतात. नजीबाबादहून निघालेली ही छोटी फाट्याची लाईन हिमालयाच्या पायथ्याशी येते आणि थबकते, कारण पुढे डोंगरच उभा असतो. स्टेशनाबाहेर जीपगाड्या ओळीने उभ्या असतात. त्यांच्या टपावर दोरीने बांधलेल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका दिसल्या आणि त्यांवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि हुद्दा लिहिलेला दिसला, की समजावे, फौजी माणूस एक तर सुट्टीवर घरी चालला आहे किंवा सुट्टी संपवून परतला आहे. गढवालमध्ये ही ट्रंक घराघरांत असते. वडिलांची मुलाकडे येते, आणि नाव खरवडून नवे लिहिले जाते.

कोटद्वारपासून लॅन्सडाऊन चाळीसेक किलोमीटर. रस्ता खोह नदीच्या काठाने चढू लागतो आणि दुगड्ड्याला येतो. ‘गाड’ म्हणजे ओढा. दोन गाड इथे मिळतात म्हणून दुगड्डा, असे लोक सांगतात. चहाच्या टपऱ्या, थोडी दुकाने, एवढेच गाव. पण १९३० साली चंद्रशेखर आझाद आपल्या साथीदारांना घेऊन या परिसरात आले होते आणि जवळच्या जंगलात पिस्तुलाचा सराव करत होते. त्यांना इथे आणणारे भवानीसिंह रावत हे क्रांतिकारक इथलेच. १९३० हे साल लक्षात ठेवावे. वरच्या डोंगरावर गेल्यावर ते पुन्हा भेटणार आहे.

दुगड्ड्यानंतर चढण वाढते. सालाची झाडे मागे पडतात, चीड सुरू होतो, मग बांज आणि देवदार. वसंतात बुरांस फुलला की उतारच्या उतार लाल होतात. सुमारे १,७०० मीटर उंचीवर रस्ता एका कमानीशी येतो आणि लॅन्सडाऊन सुरू होते.

मसुरी किंवा नैनिताल पाहिलेला माणूस इथे आला तर आधी जरा गोंधळतो. माल रोड कुठे? घोडेवाले कुठे? आईस्क्रीमच्या गाड्या कुठे? गांधी चौकाभोवतीचा बाजार दहा मिनिटांत संपतो. बाकी सगळे कॅन्टोन्मेंट. चुन्याने रंगवलेले रस्त्याच्या कडेचे दगड, पत्र्याच्या उतरत्या छपरांचे जुने बंगले, १८९५ च्या सुमाराचे सेंट मेरीचे चर्च, टिप-इन-टॉपवरून दिसणारी चौखंब्याची बर्फाची शिखरे, आणि पहाटे बिगुल. छावणीच्या हद्दीत बांधकामावर कडक बंधने असल्यामुळे हॉटेलांचे जंगल इथे फारसे उगवले नाही. पर्यटकांना ही अडचण वाटते. देवदारांना बहुधा वाटत नसावी.

मुळात हे हवा खाण्यासाठी वसवलेले गावच नव्हे. ते वसले एका पलटणीसाठी.

काळुडांडा

इंग्रज येण्यापूर्वी या डोंगराचे नाव काळुडांडा होते, म्हणजे काळा डोंगर. बांजाच्या दाट रानाने तो दुरून काळा दिसे. गढवाली माणूस तेव्हाही फौजेत होताच, पण गुरख्यांच्या पलटणींत, गुरखा म्हणूनच गणला जाई. वेगळी ओळख नव्हती. ती मिळण्याचे श्रेय गढवालात एका माणसाला दिले जाते. त्यांचे नाव सुभेदार बलभद्रसिंह नेगी. अफगाण युद्धात १८७९ साली त्यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळाला, आणि पुढे ते सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या खास दिमतीला होते. असा माणूस देणाऱ्या मुलखाची स्वतःची पलटण हवी, असे रॉबर्ट्सच्या मनाने घेतले, अशी रेजिमेंटची परंपरा सांगते.

५ मे १८८७ रोजी अल्मोड्याला ही पलटण उभी राहिली आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला काळुडांड्यावर येऊन पोचली. जंगल तोडून बराकी बांधल्या गेल्या. १८९० मध्ये तत्कालीन व्हाईसरॉयच्या नावावरून डोंगराचे लॅन्सडाऊन झाले. पुढच्या वर्षी पलटणीच्या नावात ‘गढवाली’ हा शब्द आला, त्यानंतर ‘रायफल्स’, आणि १९०१ मध्ये दुसरी पलटण उभी राहिली. तेव्हापासून आजतागायत गढवाल रायफल्सचे केंद्र इथेच आहे.

या गावाच्या नावाचा मुद्दा मात्र मिटलेला नाही. जुने काळुडांडा परत द्यावे, अशी सूचना अलीकडे झाली. २०२३ मध्ये छावणी मंडळाने जसवंतगढ हे नाव सुचवले. बाजारात विचाराल तर प्रत्येक दुकानदाराचे मत वेगळे.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा या दोन्ही पलटणी फ्रान्सला रवाना झाल्या. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता असे डोंगरातले तरुण १९१४ च्या हिवाळ्यात फ्लँडर्सच्या चिखलात, खंदकांत उभे राहिले. २३ आणि २४ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री फेस्टुबर्ट गावाजवळ शत्रूने घेतलेले खंदक परत मिळवायचे होते. हे खंदक सरळ नसत, वाकडीतिकडी वळणे घेत जात. प्रत्येक वळणापलीकडे बाँब आणि बंदुका घेतलेला शत्रू. पहिला वळणारा बहुधा मरायचाच. नाईक दरवानसिंह नेगी डोक्याला आणि हाताला जखमा झालेल्या असतानाही प्रत्येक वळणावर पहिल्या काही जणांत होते. त्याच डिसेंबरात फ्रान्समध्येच राजा पंचम जॉर्जने त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. हे पदक मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी ते एक.

राजाने विचारले, आणखी काय हवे? तेव्हा दरवानसिंहांनी कर्णप्रयागला शाळा मागितली, अशी गोष्ट गढवालात सांगतात. १९१८ मध्ये कर्णप्रयागला युद्धस्मारक म्हणून शाळा निघाली. बदरीनाथच्या वाटेवर अलकनंदा आणि पिंडर यांचा संगम पाहायला थांबणाऱ्या मराठी यात्रेकरूंना ही गोष्ट ठाऊक नसते. जमीन नाही, जहागीर नाही, शाळा! मागणाऱ्याने आपल्या गावात कशाची वाण आहे हे नीट पाहिले होते.

दुसरे नेगी परत आले नाहीत. टिहरीतल्या चंब्याजवळच्या गावचे गबरसिंह नेगी दुसऱ्या पलटणीत रायफलमन होते. १० मार्च १९१५ ला न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात शत्रूच्या मुख्य खंदकात शिरून, प्रत्येक वळणावर पुढे राहून त्यांनी शत्रूला मागे रेटत नेले. अखेर शत्रूने शस्त्रे टाकली. पण गबरसिंह त्याच लढाईत पडले. विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांचे थडगे सापडलेले नाही; फ्रान्समधल्या त्या गावाच्या स्मारकावर हजारो भारतीयांच्या नावांत त्यांचे एक नाव आहे.

व्हिक्टोरिया क्रॉस घरी आला तो त्यांच्या पत्नीकडे, सतूरीदेवींकडे. लग्न लहानपणीच झालेले. संसार म्हणावा असा झालाच नाही. चंब्याकडचे लोक सांगतात, की त्यांनी ते पदक पेटीत ठेवले नाही, आपल्या छातीवर लावले आणि आयुष्यभर लावले. समोरून येणारे फौजी त्यांना सलाम करत. एप्रिलमध्ये चंब्याला गबरसिंहांच्या नावाने जत्रा भरते. पाळणे, जिलेबी, बांगड्यांची दुकाने आणि मध्ये फौजेची मानवंदना, असे तिचे स्वरूप.

त्या युद्धात माणसे इतकी गेली, की फ्रान्समध्ये काही काळ दोन्ही पलटणी एकत्र करून एकच उभी करावी लागली. १९२१ मध्ये रेजिमेंटला ‘रॉयल’ किताब मिळाला आणि उजव्या खांद्यावर लाल गोफ आला. प्रजासत्ताकानंतर किताब गेला, गोफ मात्र राहिला. लॅन्सडाऊनच्या मैदानावरच्या युद्धस्मारकाचे अनावरण ११ नोव्हेंबर १९२३ ला सरसेनापती लॉर्ड रॉलिन्सन यांच्या हस्ते झाले. रेजिमेंटचे संग्रहालय दरवानसिंहांच्या नावाने १९८३ मध्ये उघडले. गणवेश, हत्यारे, पदके, जुने फोटो पाहण्यात दोन तास सहज जातात. बरोबर मुले असतील तर तीन.

‘गढवाली, गोळी नाही!’

या मैदानावर ३ सप्टेंबर १९१४ ला, घरच्यांचा विरोध डावलून आलेला एक शेतकऱ्याचा मुलगा भरती झाला. चंद्रसिंह त्याचे नाव. गबरसिंहांच्याच पलटणीतून तो फ्रान्सला गेला, पुढे मेसोपोटेमियात लढला. १९३० पर्यंत तो हवालदार मेजर झाला होता. पलटण तेव्हा पेशावरला होती.

२३ एप्रिल १९३०. पेशावरच्या किस्साखानी बाजारात खान अब्दुल गफार खानांचे खुदाई खिदमतगार आणि गावातले लोक जमले होते. त्यांच्या हातांत शस्त्रे नव्हती. त्या दिवशी चिलखती गाड्यांतून गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे पडली. किती, याच्या सरकारी आणि लोकांच्या आकड्यांत मोठे अंतर आहे. गढवाली तुकडीलाही गोळी चालवण्याचा हुकूम झाला. तेव्हा चंद्रसिंहांनी आपल्या लोकांना उलट हुकूम दिला, की गोळी चालवायची नाही. बंदुका खाली आल्या. नि:शस्त्र माणसांवर आम्ही हत्यार चालवणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. समोरचे पठाण मुसलमान, हे हिंदू, आणि सरकारने नेमका याच फरकावर हिशेब मांडला होता. तो हिशेब त्या बाजारात चुकला.

पलटणीच्या दृष्टीने याहून मोठा गुन्हा नव्हता. त्यांची हत्यारे काढून घेतली गेली, अबोटाबादला कोर्ट मार्शल झाले. बचावाला उभे राहिले बॅरिस्टर मुकुंदीलाल. ते गढवालचेच, आणि पुढे गढवाली चित्रशैलीवर पुस्तक लिहिणारे रसिक गृहस्थ. फाशी टळली. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली; काही साथीदारांना वेगवेगळ्या मुदतीचा तुरुंगवास मिळाला, उरलेले फौजेतून काढले गेले. ज्या घरांत दरमहा मनीऑर्डर यायची ती घरे एका दिवसात कोरडी पडली. स्वातंत्र्याच्या इतिहासात या बायकामुलांविषयी फारसे लिहिलेले नाही.

गंमत अशी, की गांधीजींनाही हे कृत्य सरळ मान्य झाले नाही. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सुमारास एका फ्रेंच पत्रकाराने त्यांना याविषयी विचारले. शपथ घेतलेल्या शिपायाने हुकूम मोडला तर तो शपथभंगाचा दोषी ठरतो, आणि उद्या आपले राज्य आले तर याच शिपायांकडून आपल्याला काम घ्यायचे आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. अहिंसेच्या पुजाऱ्याकडून हे ऐकून अनेकांना धक्का बसला. पण प्रश्न खोटा नव्हता. हुकूम पाळणारा शिपाई शूर, हे पटकन समजते. हुकूम मोडणारा शिपाई शूर की नाही, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून असते. किस्साखानी बाजारात बंदुकीच्या नळीसमोर उभे असलेल्यांना मात्र त्या दिवशी उत्तराबद्दल शंका नसावी.

अकरा वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढून चंद्रसिंह १९४१ मध्ये सुटले. गढवालात पाऊल टाकायला बंदी होती. १९४२ मध्ये ते बायकामुलांसह काही काळ वर्ध्याला गांधीजींच्या आश्रमात राहिले, म्हणजे ज्यांनी त्यांचे कृत्य शपथेच्या तराजूत तोलले होते त्यांच्याच अंगणात. मग ‘चले जाव’ची चळवळ, पुन्हा तुरुंग. १९४६ च्या अखेरीस त्यांना आपल्या मुलखात जाता आले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात काम करत राहिले. राहुल सांकृत्यायनांनी त्यांचे चरित्र लिहिले. १ ऑक्टोबर १९७९ ला ते वारले. १९९४ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, आणि आज श्रीनगर-गढवालच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आणि उत्तराखंडाच्या पर्यटन स्वयंरोजगार योजनेला त्यांचे नाव आहे. लॅन्सडाऊनच्या आसपास त्या योजनेच्या कर्जावर कोणी जीप घेतो, कोणी चार खोल्या बांधतो.

दुसऱ्या महायुद्धात हाच पेच वेगळ्या रूपाने आला. एक पलटण १९४१ मध्ये इरिट्रियात केरनच्या डोंगरांवर लढली; त्याच लढाईत मराठा पलटणही होती. पण मलायात गेलेल्या गढवाली पलटणी जपान्यांच्या हाती सापडल्या आणि त्यांतले अनेक जण आझाद हिंद सेनेत गेले. एकाच गावातले दोन भाऊ दोन झेंड्यांखाली, असेही तेव्हा घडू शकत होते.

चहा तयार ठेवलेला शिपाई

स्वातंत्र्यानंतरचे सगळ्यांत प्रसिद्ध नाव म्हणजे रायफलमन जसवंतसिंह रावत. अरुणाचलात तवांगच्या रस्त्यावर सेला खिंड ओलांडली की जसवंतगढ लागते. तिथे त्यांचा बिछाना रोज घातला जातो, बुटांना पॉलिश होते, पहाटे चहा ठेवला जातो. एकट्याने तीन दिवस चिनी फौज रोखली, सेला आणि नुरा या दोन स्थानिक मुलींनी साथ दिली, ही कथा तिथे प्रत्येक जण सांगतो. चित्रपटही निघाला.

कागदपत्रांतली हकीगत वेगळी आहे, आणि ती कमी मोलाची मुळीच नाही. १७ नोव्हेंबर १९६२ ला नुरानांगला चौथ्या गढवालने चिन्यांचे हल्ले परतवले. एका चिनी मशीनगनने मोर्चा भाजून काढला तेव्हा तिघे पुढे सरपटत गेले. लान्स नाईक त्रिलोकसिंह नेगी, रायफलमन गोपालसिंह गुसाईं आणि जसवंतसिंह. गन हाती आली. परतताना त्रिलोकसिंह आणि जसवंतसिंह पडले, जखमी गोपालसिंह गनसह मागे पोचले. जसवंतसिंहांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, इतर दोघांना वीर चक्र, आणि पलटणीला ‘नुरानांग’ हा रणसन्मान. दंतकथेत त्रिलोक आणि गोपाल हरवले, एवढीच काय ती खंत.

१९६५ ची एक लढाई मात्र दंतकथेत गेली नाही. सियालकोट आघाडीवर चविंड्याजवळ बुट्टर डोगरांडी नावाचे खेडे आहे. १६ सप्टेंबरला तिथे आठव्या गढवालचे मुख्याधिकारी लेफ्टनंट कर्नल झिराड मारले गेले. ते बेने इस्रायल ज्यू होते, आणि हे आडनाव आपल्या अलिबागजवळच्या झिराड गावावरून पडलेले. त्यांच्यानंतर मेजर अब्दुल रफी खान यांनी सूत्रे हाती घेतली; तेही पडले. याच लढाईत पूना हॉर्सचे रणगाडे घेऊन आलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर, पुण्यात शिकलेले पारशी, त्याच दिवशी धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. कोकणच्या नावाचा ज्यू, एक मुसलमान, एक पारशी, आणि भोवती ‘बद्री विशाल लाल की जय’ म्हणत चालून जाणारे गढवाली. बदरीनाथच्या रांगेत आपले यात्रेकरू ज्याचा जयघोष करतात, तोच हा देव.

कसम

परेडच्या मैदानाला आज नाईक भवानीदत्त जोशी यांचे नाव आहे. १९८४ च्या ऑपरेशन ब्लू स्टारमध्ये ते कामी आले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. प्रशिक्षण संपलेली तुकडी इथे कसम घेते. आदल्या दिवशीपासून कोटद्वारच्या जीपा भरभरून वर येऊ लागतात. नव्या साडीतली आई, डोक्यावर टोपी चढवलेले आजोबा, रस्त्याच्या वळणांनी मळमळलेली लहान बहीण. गढवालीत धाकट्या भावाला ‘भुल्ला’ म्हणतात. फौजेने गावात बांधलेल्या तळ्याचे नावही भुल्ला ताल आहे. परेड झाली की ही कुटुंबे त्या तळ्यावर जातात आणि बदकांसमोर फोटो काढतात.

या घरांचे हिशेब गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डर आणि नंतर पेन्शन यांवर डोंगरातली शेते, बैल, मुलींची लग्ने चालली. शेतात राबायची ती बाई. पैसा यायचा फौजेतून. पण डोंगर रिकामा होतो आहे. २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडात हजाराहून अधिक खेडी निर्मनुष्य आढळली, आणि लॅन्सडाऊन ज्यात येते त्या पौडी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली. फौजी निवृत्त झाला की मुलांच्या शिक्षणासाठी कोटद्वारला किंवा देहरादूनला घर बांधतो. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. त्यानुसार भरती चार वर्षांची, आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुले कायम होण्याची तरतूद. ज्या घरात आजोबा सुभेदार आणि बाप हवालदार म्हणून पेन्शनवर आले, तिथे नातवाच्या चार वर्षांनंतरचे काय, हा प्रश्न आता चुलीपाशी बोलला जातो. तरीही भरतीच्या तयारीसाठी पहाटे घाटरस्त्यावर धावणारी पोरे दिसतातच.

कसम झाली, की एक छोटा रिवाज असतो. मुलाच्या छातीवर आईवडिलांना पदक लावायला सांगतात. आजोबांचे हात सराईत असतात, पण पिन आईच्या हाती देतात. तिला ती पटकन लागत नाही. मुलगा सावधानमध्ये उभा असतो, त्याला मदतीला हात हलवता येत नाही, आणि मागे रांगेतली दुसरी आई आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. दुपारपर्यंत मैदान मोकळे होते. जीपा पुन्हा दुगड्ड्याच्या दिशेने उतरू लागतात, टपावर नव्या ट्रंका घेऊन.